ज्यूंच्या सणाचे मांस : गरम ठेवा किंवा थंड करा, कोमट नको

आश्विन लागण्याच्या सुमारास ज्यू लोकांचे नवे वर्ष सुरू होते. त्यांचे महिनेही आपल्यासारखेच चंद्रावर चालतात. त्यामुळे त्यांचा हा सण आणि आपली घटस्थापना कित्येक वर्षी एका दिवशी किंवा एक-दोन दिवसांच्या अंतराने येतात. या सणाला ते रोश हशाना म्हणतात. आपल्या रायगड जिल्ह्यातील बेने इस्राएल मंडळी त्याला पूर्वापार 'नव्याचा सण' म्हणत आली आहेत. अलिबागची इस्राएल आळी ज्यांना माहीत आहे त्यांना हे नाव नवे वाटणार नाही.

आज ज्या पदार्थाची माहिती घ्यायची आहे तो मात्र कोकणातल्या ज्यूंचा नाही. कोकणातल्या ज्यूंच्या घरी सणाला नारळाच्या रसातले मटण, मासळी, मलिदा असे आपल्या ओळखीचे जिन्नस असतात. पूर्व युरोपात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आणि तेथून अमेरिकेत गेलेल्या ज्यूंना अश्केनाझी म्हणतात. त्यांच्या घरी नव्या वर्षाला, तसेच चैत्री पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या पेसाहच्या सणाला ब्रिस्केट हा पदार्थ मानाचा असतो. ब्रिस्केट म्हणजे गोवंशाच्या छातीचा, पुढच्या दोन पायांमधला भाग. आपले खाटीक बोकडाच्या याच भागाला 'सीना' म्हणतात. हा अखंड तुकडा कांद्याबरोबर, थोड्या पाण्यात, झाकण घट्ट लावून तीन-चार तास मंद आचेवर शिजवायचा, रात्रभर मुरू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी गरम करून वाढायचा, अशी ही रीत आहे.

दूरदेशीच्या या पदार्थावर आरोग्याच्या सदरात लिहिण्याचे कारण 'रात्रभर' या शब्दात आहे. मांस आदल्या दिवशी शिजवून ठेवणे ही रीत काही एकट्या ज्यूंची नाही. आपल्याकडेही हळदीला, जत्रेला, गटारीला मोठे पातेले भरून मटण होते, उरते आणि सकाळपर्यंत झाकून ठेवले जाते. दुसऱ्या दिवशी चार घरांत जुलाब सुरू झाले की 'मटण जड पडले' असे म्हणून विषय संपतो. मटण जड पडत नाही. ते कोमट राहते, आणि दुखणे त्या कोमटपणात असते. ब्रिस्केट नीट कसे करावे हे समजून घेतले तर हा मुद्दा आपोआप उलगडेल.

प्रथम हाच भाग का, ते पाहू. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे रवंथ करणाऱ्या आणि दुभंगलेल्या खुराच्या जनावराचेच मांस चालते. म्हणजे गाय, मेंढी, शेळी चालते. डुक्कर, उंट चालत नाही. जनावर शास्त्र जाणणाऱ्या माणसानेच कापले पाहिजे. शिवाय मागच्या मांडीतून जाणारी मोठी शीर आणि पोटाकडची विशिष्ट चरबी खाण्यास मनाई आहे. याकोब देवदूताशी कुस्ती खेळला तेव्हा त्याच्या मांडीला मार बसला, म्हणून ती शीर खात नाहीत, असे त्यांच्या पवित्र ग्रंथात सांगितले आहे. मागच्या भागातून ती शीर आणि चरबी काढणे फार किचकट काम. त्यामुळे अनेक देशांत ज्यू खाटीक मागचा भाग इतरांना विकून टाकत आणि पुढचा भाग आपल्या गिऱ्हाइकांसाठी ठेवत. या पुढच्या भागात छातीचे मांस सर्वांत चिवट, म्हणून स्वस्त. गरिबाच्या घरी सणाला मोठा तुकडा आणायचा तर परवडणारा तोच होता. आता अमेरिकेत तोही महाग झाला आहे, ती गोष्ट वेगळी!

हे मांस चिवट का असते? गुराला गळ्याजवळचे हाड, म्हणजे आपली हसळी, नसते. त्यामुळे पुढच्या अंगाचा भार छातीच्या स्नायूंवर येतो. जनावर उभे असो वा चालत असो, हे स्नायू कामात असतात. अशा राबणाऱ्या स्नायूंच्या तंतूंना बांधून ठेवणारे कोलॅजेन नावाचे पांढरट प्रथिन भरपूर असते. तेच दाताखाली रबरासारखे लागते. मात्र ओल्या उष्णतेत बराच वेळ ठेवले की हे कोलॅजेन हळूहळू विरघळते आणि त्याचे जिलेटिन होते. पायाचे सूप थंड झाल्यावर गोठते ते या जिलेटिनमुळेच.

येथे एक गंमत आहे. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला मांसाचे तंतू आक्रसतात आणि आतले पाणी पिळून बाहेर टाकतात. कोलॅजेन त्या वेळी नुकते कुठे विरघळू लागलेले असते. म्हणजे शिजण्याच्या मधल्या टप्प्यात मांस कच्च्यापेक्षाही कडक लागते. पुष्कळ जण येथेच घाबरतात आणि 'मटण जून निघाले' म्हणून जाळ मोठा करतात. जाळ वाढवला की रस आटतो, बाहेरचे तंतू चोथ्यासारखे होतात आणि आतले तसेच राहतात. उपाय उलटा आहे. आच मंद ठेवावी, रस्सा खदखदू न देता जेमतेम बुडबुडे येतील एवढाच तापवावा आणि वेळ जाऊ द्यावा. काटा किंवा सुरीचे टोक लोण्यात शिरावे तसे शिरले की झाले.

असे मऊ मांस वयस्क मंडळींना, कवळी असणाऱ्यांना आणि नुकत्याच आजारातून उठलेल्यांना चावण्यास सोपे जाते. मांसातले लोह शरीर भाजीतल्या लोहापेक्षा सहज घेते, हाही एक फायदा. जिलेटिनने सांधे बळकट होतात असे मात्र समजू नये. ते अपुरे प्रथिन आहे. पोषण मुख्यतः मांसाच्या तंतूंतून मिळते.

आता मिठाबद्दल. ज्यू लोकांना रक्त वर्ज्य आहे. म्हणून मांस अर्धा तास पाण्यात भिजवतात, मग सगळ्या बाजूंनी जाडे मीठ चोळून उतरत्या फळीवर तासभर ठेवतात आणि तीन वेळा धुऊन घेतात. याला मांस कोशेर करणे म्हणतात. धुतले तरी थोडे मीठ मांसात मुरतेच. त्यामुळे कोशेर मांसात सोडियमचे प्रमाण साध्या मांसापेक्षा जास्त असते. दिवसभरात एका प्रौढ माणसाने ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा, कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. असे असताना अमेरिकेत गेल्या शतकाच्या मध्यापासून ब्रिस्केटवर पाकिटातली कांद्याच्या सुपाची पूड टाकण्याची पद्धत पडली. गृहिणीचे काम वाचले खरे, पण ही पूड म्हणजे बरेचसे मीठच! माझ्या मते एवढा कांदा घरात असताना पाकिटाची काही गरज नाही. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या घरी कोशेर मांस करताना वरून मीठ घालूच नये. मिरी, लसूण, तमालपत्र आणि भरपूर परतलेला कांदा यांनी चव येते.

नव्या वर्षानंतर दहाव्या दिवशी यॉम किप्पूरचा सुमारे पंचवीस तासांचा निर्जळी उपवास असतो. उपवासापूर्वीच्या जेवणात खारट मांस खाल्ले तर दुसऱ्या दिवशी तहानेने जीव कासावीस होतो. म्हणून जाणती माणसे त्या जेवणात मीठ-मसाला कमीच ठेवतात. उपवास सोडतानाही एकदम मांसावर येऊ नये. आधी पाणी, थोडे हलके अन्न, मग बाकीचे. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेह्यांनी असा उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये. जीव धोक्यात येत असेल तर उपवास बाजूला ठेवावा, अशी ज्यू धर्माचीच आज्ञा आहे.

प्रत्यक्ष कृती अशी. आठ ते दहा माणसांसाठी २ किलोचा अखंड तुकडा घ्यावा. शिजल्यावर तो तिसऱ्या हिश्शाहून अधिक आटतो, म्हणून हे प्रमाण मोठे वाटले तरी जास्त नाही. मांस गोठवलेले असेल तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात एक दिवस ठेवून नरम होऊ द्यावे. ओट्यावर उघडे ठेवू नये, कारण बाहेरचा भाग तापून जंतू वाढतात आणि आत बर्फ तसाच राहतो. वरची चरबी पूर्ण खरवडू नये. बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा कमी थर राहू द्यावा. शिजताना तो मांसाला कोरडे पडू देत नाही आणि नंतर काढून टाकता येतो.

मांस फडक्याने कोरडे करावे आणि मिरपूड लावावी. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल तापवून दोन्ही बाजूंनी पाच-सहा मिनिटे तांबूस भाजावे. येथे लोणी किंवा तूप वापरत नाहीत, कारण मांस आणि दूध एकत्र करणे त्यांच्यात निषिद्ध आहे. (कोकणातल्या ज्यूंनी नारळाचा रस जवळ केला त्यामागेही हा नियम आहे.) भाजलेले मांस बाजूला काढून त्याच पातेल्यात चार-पाच मोठे कांदे उभे चिरून वीस मिनिटे सावकाश परतावेत. आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन टोमॅटो, दोन-तीन गाजरांचे तुकडे, दोन तमालपत्रे आणि चवीपुरते कमी तिखट लाल मिरचीपूड घालावी. मांस चरबीची बाजू वर करून त्यावर ठेवावे. दीड ते दोन कप गरम पाणी ओतावे. पाणी तुकड्याच्या निम्म्यापर्यंतही यायला नको. बाकीचा रस कांदा आणि मांस स्वतः सोडतात. झाकण घट्ट बसवून १५० अंशांच्या ओव्हनमध्ये तीन ते साडेतीन तास ठेवावे. ओव्हन नसेल तर पातेल्याखाली तवा ठेवून अगदी बारीक गॅसवर दम द्यावा. दीड तासाने मांस एकदा उलटावे आणि पाणी पाहावे. आपण झाकणाला कणीक लावतो तशी लावायलाही हरकत नाही. पेसाहच्या दिवसांत मात्र तेही चालत नाही, कारण त्या आठवड्यात आंबू शकणारे गव्हाचे पीठ घरातसुद्धा ठेवत नाहीत.

कृती येथे संपली असे वाटते, पण आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग आता सुरू होतो.

मातीत, धुळीत आणि जनावरांच्या आतड्यांत क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स नावाचा जंतू असतो. त्याचे बीजाणू कठीण कवचाचे असतात. तीन तास शिजवले तरी ते सगळे मरत नाहीत. उलट उष्णतेने ते जागे होतात, आणि उकळल्यामुळे रश्श्यातली हवा निघून गेलेली असल्याने, बिनहवेत वाढणाऱ्या या जंतूला जागा आयती मिळते. साधारण १२ ते ५४ अंशांच्या दरम्यान तो वाढतो. ४३ ते ४७ अंशांना, म्हणजे भांड्याला हात लावला असता सुखद ऊन लागते तेव्हा, त्याची वाढ सर्वांत वेगाने होते. अनुकूल स्थितीत अवघ्या दहा-बारा मिनिटांत त्याची संख्या दुप्पट होऊ शकते. दोन किलोचा अखंड तुकडा रश्श्यासकट झाकून ओट्यावर ठेवला तर त्याच्या मध्यभागी हे तापमान तासन् तास टिकते. वास बदलत नाही, रंग बदलत नाही, चवही बिघडत नाही. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तासांत पोटात मुरडा येतो आणि पातळ जुलाब सुरू होतात. ताप आणि उलटी बहुधा नसते. धडधाकट माणूस एका दिवसात बरा होतो. लहान मुले आणि म्हातारी माणसे यांच्या अंगातले पाणी मात्र लवकर कमी होते. त्यांना मीठ-साखरेचे पाणी लगेच सुरू करावे. लघवी कमी झाली, ग्लानी आली किंवा शौचातून रक्त पडले तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्यावे. अमेरिकेत या जंतूच्या साथी नोव्हेंबर-डिसेंबरच्या सणासुदीत अधिक आढळतात, आणि मोठ्या भांड्यात करून ठेवलेले मांस हेच त्यांचे नेहमीचे कारण असते.

याउलट ज्यूंच्याच स्वयंपाकघरात दुसरे एक भांडे रात्रभर चुलीवर असते आणि ते सुरक्षित असते. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत त्यांचा शब्बाथ. त्या काळात विस्तव पेटवायचा नाही, स्वयंपाक करायचा नाही. म्हणून मांस, कडधान्य आणि बटाटे यांचे चोलेंट नावाचे कालवण शुक्रवारी दिवस मावळण्यापूर्वी चढवतात आणि ते मंद आचेवर दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत तापलेले राहते. हे भांडे ६० अंशांच्या खाली येतच नाही, म्हणून जंतूंना वाव मिळत नाही. भांडे रात्रभर ठेवले म्हणून अन्न बाधत नाही, ते कोमट ठेवले म्हणून बाधते, हे यावरून लक्षात यावे.

तेव्हा ब्रिस्केट शिजल्यावर वाफ जरा जिरू द्यावी आणि तुकडा रश्श्यातून काढून त्याचे दोन-तीन भाग करावेत. अखंड ठेवण्याचा मोह टाळावा. रस्सा पसरट परातीत किंवा थाळ्यात चार बोटांपेक्षा कमी उंचीचा राहील असा ओतावा. ही भांडी गार पाण्याच्या, शक्य तर बर्फाच्या, परातीत ठेवून पाणी एक-दोनदा बदलावे. दोन तासांच्या आत सगळे फ्रीजमध्ये गेले पाहिजे. एप्रिल-मेचा उकाडा असेल तर तासाभरातच. गरम भांडे फ्रीजमध्ये ठेवले की फ्रीज बिघडतो अशी समजूत आहे. उकळते पातेले ठेवू नये हे खरे, पण ऊन लागणारे उथळ भांडे ठेवण्यास काही हरकत नाही. भांडी एकमेकांना चिकटवू नयेत, भोवती हवा फिरू द्यावी. घरात फ्रीज नसेल किंवा रात्री वीज जाण्याचा भरवसा नसेल, तर मांस आदल्या दिवशी करूच नये. पहाटे चढवून दुपारी वाढावे.

फ्रीजमध्ये ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. सकाळी रश्श्यावर पांढऱ्या चरबीची पापडी जमलेली असते. ती चमच्याने उचलून टाकून द्यावी. रक्तात कोलेस्टेरॉल वाढवणारी ही घट्ट चरबी एवढ्या सहजपणे दुसऱ्या कोणत्याही वेळी वेगळी होत नाही. थंड मांस कापायलाही सोपे जाते. त्याचे तंतू कोणत्या दिशेने गेले आहेत ते पाहून त्यांना आडवे, साधारण पाव इंच जाडीचे काप करावेत. तंतूंच्या दिशेने कापले तर उत्तम शिजलेले मांसही दोरीसारखे लागते आणि म्हाताऱ्या माणसाच्या घशात अडकू शकते. काप रश्श्यात बुडवून, झाकण लावून, रस्सा सगळीकडून खळखळेपर्यंत तापवावे. नुसते ऊन करणे पुरेसे नाही. आणि वाढून उरलेले पुन्हा थंड, पुन्हा गरम असे करीत राहू नये; लागेल तेवढेच बाहेर काढावे.

किती खावे? फ्रान्समधील लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली लाल मांसाची गणना 'बहुधा कर्करोगकारक' या गटात केली. त्यामुळे घाबरून सणाचे ताट नाकारण्याचे कारण नाही, पण रोजच्या खाण्याचा विचार करावा. आठवड्यात शिजलेले लाल मांस ३५० ते ५०० ग्रॅमच्या पुढे जाऊ नये असा सल्ला वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड देतो. यात आपले बोकडाचे मटणही आले. सणाच्या ताटात तीन-चार पातळ काप, म्हणजे ८०-१०० ग्रॅम, पुरेत. गाऊट म्हणजे वातरक्ताचा त्रास असणाऱ्यांनी रस्सा ओरपू नये. युरिक अ‍ॅसिड वाढवणारे घटक शिजताना रश्श्यात उतरतात. मधुमेह्यांनी मांसापेक्षा बाजूच्या पदार्थाकडे लक्ष द्यावे. ब्रिस्केटबरोबर गाजर, रताळे, सुके आलुबुखार आणि मध यांचे त्सिमेस नावाचे गोड कालवण करतात. गाजराच्या चकत्या नाण्यांसारख्या दिसतात, आणि त्यांच्या यिद्दिश बोलीत गाजराच्या शब्दातच 'वाढणे' हा अर्थ येतो, म्हणून नव्या वर्षाला ते शुभ. संपत्तीबरोबर साखर वाढू नये एवढे पाहावे!

आपल्याकडे गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला कायद्याने बंदी आहे, आणि कोकणातल्या ज्यूंच्या ताटातही मुख्यतः बोकडच राहिला. ज्यांना ही रीत करून पाहायची असेल त्यांनी खाटकाकडून बोकडाचा हाडासकट खांदा, सव्वा ते दीड किलोचा, अखंड मागून घ्यावा. सीना चालतो, पण त्यात हाडे आणि चरबी जास्त. कृती तीच, वेळ मात्र दोन ते अडीच तास पुरतो. प्रेशर कुकरमध्ये पहिल्या शिटीनंतर बारीक आचेवर पाऊण तास ठेवावे, आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. कुकरचे मांसही थंड करण्याचे नियम तेच. बंद कुकर रात्रभर ओट्यावर ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे, ती मोडावी. फ्रीजमधले शिजवलेले मांस तीन-चार दिवसांत संपवावे. त्याहून जास्त ठेवायचे असेल तर पहिल्याच दिवशी लहान डब्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात टाकावे आणि डब्यावर तारीख लिहावी.